पुडी आधी, तपासणी नंतर

पहिला पाऊस होऊन आठ-दहा दिवस गेले की बोरिवली, विरार, पालघर या स्टेशनांबाहेर रानभाज्या घेऊन बायका बसतात. टाकळा, कुर्डू, शेवळं यांच्या शेजारी गवतासारख्या लांब पात्यांच्या, बुडाशी पांढऱ्या असलेल्या जुड्या दिसतात. ती फोडशी, कुणी तिला कुलीची भाजी म्हणतात. निवडायला कटकटीची, पण कांदा आणि भिजवलेली मूगडाळ घालून केली की भाकरीबरोबर झकास लागते. फोडशी म्हणून ज्या वनस्पती विकल्या जातात त्यांतल्या एकीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिॲनम. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले स्पॅनिश जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी १९५०च्या दशकात हे नाव दिलं, आणि ते बोरिवलीवरून दिलं. पानांची जुडी चिल्लरीत मिळते. त्याच वनस्पतीची जमिनीखालची मुळं सोलून, वाळवून पांढऱ्या काड्यांसारखी झाली की त्यांना सफेद मुसळी म्हणतात, आणि मग ती काट्यावर तोलून, आवाज खाली आणून विकली जाते.

२००० सालाच्या आगेमागे विदर्भ-खानदेशात या मुळाचं वेड आलं होतं. एकरी लाखांचं उत्पन्न छापलेली पत्रकं गावोगाव फिरली. बेणं विकणाऱ्यांनी पैसे आगाऊ घेतले. माल काढणीला आला तेव्हा ‘सगळा माल आम्हीच उचलू’ म्हणणाऱ्यांचे फोन लागेनात. मुसळीनं ताकद कुणाला दिलीच असेल तर ती बेणं विकणाऱ्याला. माणसाच्या शरीरात ती नेमकं काय करते याबद्दलचं बरंचसं संशोधन अजून उंदरांवरचं आहे. पिंजऱ्यातला नर उंदीर मादीवर किती वेळा चढला हे मोजून आपल्या घरातल्या माणसाबद्दल फार काही बोलता येत नाही.

लैंगिक तक्रारींवर वनौषधी चालतात का, हा प्रश्न दिसायला एक आहे, पण तो आठ-नऊ वेगळ्या प्रश्नांचं गाठोडं आहे. पुरुषाच्या इंद्रियाला ताठरता न येणं, वीर्य लवकर जाणं, शुक्राणू कमी असणं, इच्छाच न होणं या चार तक्रारींची कारणं वेगळी, उपाय वेगळे. बाईचं संबंधाच्या वेळचं दुखणं, कोरडेपणा, नावड, अंगावरून पांढरं जाणं, पाळी जाण्याच्या वयातले त्रास या आणखी वेगळ्या. बाजारात मात्र या सगळ्यांना मिळून एकच शब्द आहे, ‘कमजोरी’, आणि एकच डबा. लोकल गाडीच्या खिडकीतून रुळांलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, नामर्दी, स्वप्नदोष’ अशी चुन्यानं रंगवलेली अक्षरं वाचत आपल्यापैकी कित्येक जण वाचायला शिकले. तिथेही आजार तीन आणि दवाखाना एकच.

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक वाजीकरण. वाजी म्हणजे घोडा; पुरुषाला घोड्यासारखी कामशक्ती देण्याचं हे शास्त्र. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा, दुसरा वाजीकरणाचा, आणि ज्वराचा नंबर थेट तिसरा लागतो, यावरून या विषयाची इभ्रत लक्षात यावी. दुसऱ्या अध्यायातले योग वाचताना आपण औषधाच्या ग्रंथात आहोत की मुदपाकखान्यात, असा प्रश्न पडतो. उडीद, साठेसाळीचा तांदूळ, दूध, तूप, खडीसाखर, मध, मांसरस, अंडी. दिवसभर चालणाऱ्या आणि भूक लागल्यावर जेवणाऱ्या माणसासाठी लिहिलेला हा आहार आहे. तोच आज पोट सुटलेल्या, दहा तास खुर्चीत बसणाऱ्या माणसाला ‘आयुर्वेदिक’ म्हणून खाऊ घातला तर त्याच्या रक्तवाहिन्यांचं काय होईल हे सांगायला वैद्य लागत नाही. खुद्द संहितेचा आग्रह असा की आधी शरीराची शुद्धी करावी, मग हे योग द्यावेत, आणि तेही स्वतःवर ताबा असलेल्या माणसाला. डब्यावरच्या कागदावर हा आग्रह कुठे छापलेला मला सापडलेला नाही.

जुन्या ग्रंथकारांची नजर आजच्या जाहिरातदारांपेक्षा बरीच तीक्ष्ण होती. मनाजोगती, प्रिय स्त्री हेच सर्वांत मोठं वाजीकरण असं चरकात म्हटलं आहे. सुश्रुत क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकत्वाचे, प्रकार सांगताना मानस क्लैब्याचा वेगळा उल्लेख करतो: नावडत्या व्यक्तीशी संग, मनाला बोचणाऱ्या गोष्टी, आणि शरीर धड असूनही काम न होणं. आज मानसोपचारतज्ज्ञ हेच सांगतात. कामसूत्राच्या शेवटच्या भागात लेप आणि चूर्णांचे पुष्कळ प्रयोग आहेत, पण तिथेच वात्स्यायन बजावतो की शरीराला अपाय करणारे, जीवहत्येतून मिळणारे, अशुद्ध वस्तूंचे प्रयोग करू नयेत. जत्रेत पातेल्याखाली स्टोव्ह लावून सांड्याचं तेल काढणाऱ्याला हे कुणी वाचून दाखवायला हवं. सांडा म्हणजे वाळवंटी भागातला काटेरी शेपटीचा सरडा, कायद्यानं संरक्षित. त्याच्या चरबीत इतर कुठल्याही चरबीपेक्षा वेगळं काही नसतं. ‘हातजोडी’ म्हणून शेंदूर लावून विकलं जाणारं, जोडलेल्या हातांसारखं दिसणारं दुर्मीळ मूळ म्हणजे प्रत्यक्षात घोरपडीचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं, हेही काही वर्षांपूर्वी उघडकीला आलं. गिऱ्हाईक वनस्पती समजून देवघरात ठेवत होतं.

पुरुषांच्या बाबतीत सगळ्यात मोठी तक्रार खरं तर आजार नसतेच. ‘धातू जाते.’ लघवीवाटे, झोपेत, कुंथताना. रस, रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा आणि शेवटी शुक्र, ही सप्तधातूंची उतरंड आपल्याकडे हाडीमाशी इतकी खिळली आहे की चाळीस थेंब रक्तातून वीर्याचा एक थेंब होतो हे गणित शाळा सोडलेला मुलगाही सांगतो. १९६० साली मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी या भीतीतून येणाऱ्या अशक्तपणा, उदासी आणि छातीतल्या धडधडीला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. या मुलांच्या शरीरातून काहीही कमी होत नसतं. त्यांना शिलाजित दिलं तर भीतीला पावती मिळते: औषध दिलं, म्हणजे रोग होताच.

आता खुद्द वनस्पतींकडे. त्यांत सर्वांत जास्त अभ्यास झाला तो अश्वगंधेचा, आणि तिची गोष्ट मोठी बोधक आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शुक्राणू कमी असलेले ४६ पुरुष होते. त्यांतल्या २१ जणांना मुळाचा अर्क दिवसाला ६७५ मिलिग्रॅम असा ९० दिवस दिला, बाकीच्यांना तसाच दिसणारा निरुपयोगी पदार्थ. अर्क घेणाऱ्यांची शुक्राणूसंख्या सरासरी १६७ टक्क्यांनी वाढली. आकडा डोळे दिपवणारा. हाच आज निम्म्या जाहिरातींत असतो. पण २१ माणसं! शुक्राणूंचे आकडे एकाच माणसात महिन्या-महिन्याला खालीवर होत असतात, ताप येऊन गेला तरी घसरतात. ९० दिवसांचा हिशेब मात्र बरोबर आहे, कारण शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. सुश्रुतानं रसापासून शुक्र व्हायला एक महिना धरला होता; सूक्ष्मदर्शक नसताना केलेल्या अंदाजात एवढी चूक आपण पोटात घालू. ‘सात दिवसांत फरक’ म्हणणाऱ्याचं गणित मात्र दोन्ही हिशेबांत बसत नाही.

याच अश्वगंधेची ताठरतेच्या तक्रारीवर, तीही मानसिक कारणातून आलेल्या तक्रारीवर, भारतातच आयुर्वेदाच्या अभ्यासकांनी चाचणी घेतली. ती २०११ साली छापून आली. ९५ पुरुषांपासून सुरुवात झाली. निकाल: अश्वगंधा आणि खोटं औषध, दोन्हींनी थोडाथोडा फरक पडला, आणि अश्वगंधा काही खोट्या औषधाच्या पुढे गेली नाही. संशोधकांनी तसं प्रामाणिकपणे लिहिलं. मला या पुऱ्या क्षेत्रातला हा सर्वांत आदरणीय निबंध वाटतो, आणि तो एकाही डब्यावर छापलेला नाही. त्यातली दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे: खोट्या औषधानंही फरक पडला. डॉक्टरसमोर बसून तक्रार तोंडातून बाहेर काढणं, कुणीतरी ती हसल्याशिवाय ऐकून घेणं, घरी जाऊन रोज काहीतरी निष्ठेनं घेणं, यानं माणूस अर्धा मोकळा होतो. ‘माझ्या शेजाऱ्याला गुण आला’ या वाक्यातला गुण बहुधा इथून येतो.

कवचबीज म्हणजे खाजकुइलीचं बी. शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो, म्हणून नाव तसं. बियांत लेव्होडोपा असतं. हे तेच रसायन जे कंपवाताच्या रुग्णांना गोळीतून देतात, त्यामुळे या बियांना औषधी गुण आहे यात वादच नाही. लखनौच्या संशोधकांनी २००९ साली वंध्यत्वाची तक्रार असलेल्या ७५ पुरुषांना रोज ५ ग्रॅम चूर्ण तीन महिने दिलं. टेस्टोस्टेरॉन वाढलं, प्रोलॅक्टिन उतरलं, शुक्राणू सुधारले. तुलनेला ७५ निरोगी पुरुष होते, पण खोटं औषध दिलेला गट नव्हता, त्यामुळे सुधारणेतला किती वाटा बियांचा हे वेगळं काढता येत नाही. आणि ज्या पदार्थानं मेंदूतलं डोपामाइन हलतं तो मानसिक आजाराच्या किंवा कंपवाताच्या गोळ्या चालू असलेल्यानं वैद्याला न विचारता फाकायचा नसतो. जुने वैद्य बी दुधात शिजवून, साल काढून वापरतात. आता ते मिक्सरमध्ये दळून घ्या म्हणणारे व्हिडिओ आहेत.

गोखरूची ख्याती बल्गेरियातून परत आली. तिथे १९८०च्या दशकात त्याच्या अर्काची गोळी निघाली, वजन उचलणाऱ्या खेळाडूंशी तिचं नाव जोडलं गेलं आणि सगळ्या जगातल्या व्यायामशाळांत ‘टेस्टोस्टेरॉन वाढवणारं गोखरू’ पोचलं. २००५ साली खुद्द बल्गेरियातच २१ तरुणांवर मोजणी झाली तेव्हा टेस्टोस्टेरॉन जागचं हललं नाही. २०१७ साली १८० पुरुषांवरची बारा आठवड्यांची चाचणी आली, सौम्य ते मध्यम तक्रार असलेल्यांची. तिच्यात गोखरूची गोळी खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. ब्राझीलमधल्या ३० जणांच्या अभ्यासात ठरली नाही. कोरियन जिनसेंगवरचे नऊ अभ्यास, ५८७ पुरुष, एकत्र तपासून २०२१ साली चाचण्यांचे पुरावे एकत्र तोलणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यानं काढलेला निष्कर्ष असा की ताठरतेवर त्याचा परिणाम जेमतेम जाणवेल एवढाच असावा. आफ्रिकेतल्या योहिंबे झाडाच्या सालीतलं योहिंबिन एके काळी डॉक्टरही लिहून देत. त्यानं थोडा गुण येतो, पण रक्तदाब आणि धडधडही वाढते.

वीर्य लवकर जाण्यावरच्या चूर्णांबद्दल मला कमीच लिहायचं आहे, कारण त्यांतलं जे खरोखर चालतं ते अफू असतं. कामिनी विद्रावण रस या गोळीचं नाव ज्यांनी ऐकलं असेल त्यांना माहीत असेल. अफूनं सगळंच मंद होतं, हेही. मग गोळीशिवाय भागत नाही. परदेशांतल्या व्यसनमुक्ती केंद्रांत या गोळीची सवय लागलेली आपली माणसं जाऊन पोचली आहेत. याच तक्रारीवर जेम्स सेमन्स या अमेरिकन डॉक्टरनं १९५६ साली सुचवलेली ‘थांबा, परत सुरू करा’ ही सवयीची पद्धत फुकट आहे. तिला जोडीदाराचं सहकार्य लागतं, बोलावं लागतं. आपल्याकडे ती अफूपेक्षा महाग पडते ती म्हणूनच.

पण मग ‘हर्बल’ गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात फरक पडला, असं शपथेवर सांगणारे खोटं बोलतात का? नाही. फरक पडलेला असतो. व्हायग्रा १९९८ साली अमेरिकेत विक्रीला आली. त्यानंतर थोड्याच काळात तिच्यातलं सिल्डेनाफिल पावडरच्या रूपात स्वस्त झालं आणि ते गुपचूप ‘शंभर टक्के नैसर्गिक’ गोळ्यांत जाऊन बसलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००७ ते २०१६ या काळात भेसळ सापडलेल्या ७७६ पूरक उत्पादनांची नोंद केली. त्यांतली ३५३ लैंगिक शक्तीची होती आणि या ३५३ मध्ये सर्वांत जास्त सापडलेली भेसळ सिल्डेनाफिलची. अश्वगंधा, मुसळी, गोखरू यांतलं काहीच अर्ध्या तासात काम करत नाही. अर्ध्या तासात गुण आला तर खुश होण्याऐवजी दचकायला हवं. हृदयाच्या रुग्णाच्या खिशात जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असते. तिच्यात आणि सिल्डेनाफिलमध्ये हाडवैर. दोन्ही एकत्र आली की रक्तदाब धाडकन खाली येतो, कधी कधी जिवावर. डॉक्टर विचारतात, ‘व्हायग्रा वगैरे घेतली होती का?’ तो खरंच नाही म्हणतो, कारण त्यानं तर आयुर्वेदिक घेतलेलं असतं.

सिंगापुरात २००८च्या पहिल्या पाच महिन्यांत साखर एकदम उतरून बेशुद्ध होणारे रुग्ण इस्पितळात येऊ लागले. त्यांना मधुमेह नव्हता. दीडशे रुग्ण झाले, चार दगावले. शोध घेतल्यावर बेकायदा विकल्या गेलेल्या कामोत्तेजक गोळ्यांत मधुमेहाचं ग्लायबेन्क्लामाइड सापडलं. कुठल्या तरी कारखान्यात गोळ्या भरणाऱ्या यंत्राची सरमिसळ झाली असावी, एवढाच अंदाज करता येतो. धातूंपासून केलेल्या भस्मांची कथा वेगळी आणि जुनी. बॉस्टनमधल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक असल्याचं २००४ साली छापून आलं, तेव्हा आपल्याकडे संतापाची लाट आली होती. संताप प्रयोगशाळेवर काढला गेला.

आता बायकांकडे यायचं. त्यांना शेवटी ठेवलं म्हणून कुणी टोमणा मारला तर मान्य आहे; ग्रंथांनीही तेच केलं. वाजीकरणाचा अध्याय पुरुषाच्या सुखाबद्दल बोलतो. बाईचा अध्याय चिकित्सास्थानात थेट तिसावा, योनिव्यापदांचा. त्यात वीस विकार सांगितले आहेत, त्यांची निरीक्षणं कधी कधी थक्क करतात, तेलाचा पिचू, म्हणजे तेलात भिजवलेला बोळा, ठेवण्यासारखे उपाय आजही वैद्य करतात. पण सगळ्याचा रोख गर्भ राहण्याकडे. बाईला हवंसं वाटतं का, सुख होतं का, हे विचारायला तिथे कुणाला उसंत नाही. आजच्या बाजाराचंही तसंच. पुरुषाच्या डब्यावर घोडा, बाईच्या बाटलीवर बाळ.

बाईची तक्रार मुळात एकाच वाक्यात येते: ‘अंगावरून जातंय, कंबर धरते, अंगात त्राण नाही.’ घरातली मोठी बाई म्हणते, उष्णता झाली. तांदळाच्या धुवणातून पुष्यानुग चूर्ण, नाहीतर अशोकारिष्टाची बाटली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग निघाला, एकेकीला सरासरी ३.६ विकार. त्याआधी कधी तरी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या ८ टक्के. हा निबंध जगभर गाजला. त्यातला तपशील वाचताना मला नेहमी त्या उरलेल्या ९२ टक्क्यांच्या घरातल्या फडताळातल्या बाटल्या दिसतात. योनिमार्गातला जंतुसंसर्ग, गर्भाशयमुखाची सूज, नवऱ्याकडून आलेला लैंगिक रोग हे सगळं ‘पांढरं जाणं’ या एका शब्दाखाली झाकलं जातं. काही पांढरं जाणं तर नैसर्गिकच, त्याला कशाचीच गरज नाही. कोणतं कोणतं हे ओळखायला बाईला टेबलावर झोपावं लागतं, आणि समोर अशी व्यक्ती लागते जिला ती खरं सांगेल.

अशोकारिष्टाबद्दल जाता जाता. आपल्या सोसायटीच्या फाटकाशी रांगेत उभा असतो तो उंच सरळसोट ‘अशोक’ म्हणजे अशोकच नव्हे. औषधातला तो सीताअशोक, आडवा पसरणारा, नारिंगी-लाल फुलांच्या गुच्छांचा. त्याच्या सालीला मागणी इतकी की झाड धोक्यात आलेल्यांच्या यादीत गेलं आणि बाजारात त्या सरळसोट झाडाची साल त्याच्या नावानं खपू लागली. अरिष्ट धायटीची फुलं घालून आंबवलेलं असतं, म्हणजे त्यात आपोआप मद्यार्क असतो. आजीला ते घेतल्यावर ‘बरं वाटतं’ याचं एक कारण मला तेही वाटतं, पण हे घरात बोलायची सोय नाही.

बाईच्या इच्छेवर आणि सुखावर चाचण्या आहेत, पण इवल्याशा. अश्वगंधेची ५० बायकांवर आठ आठवडे झालेली, २०१५ सालची. गोखरूची इराणमध्ये ६७ बायकांवर चार आठवड्यांची. दोन्हींत प्रश्नावलीतले गुण सुधारले. प्रश्नावलीतले गुण म्हणजे काय, तर गेल्या महिन्यात किती वेळा वाटलं, किती समाधान झालं याला दिलेले आकडे. सासू शेजारच्या खोलीत झोपते का, दिवसाचं काम रात्री किती वाजता संपतं, नवरा दारू पिऊन येतो का, असले रकाने त्यात नसतात. मला त्यातल्या त्यात विचार करायला लावतो तो केशराचा अभ्यास. नैराश्यावरच्या फ्लुओक्सेटिनसारख्या गोळ्यांनी इच्छा आणि सुख दोन्ही मरगळतात, ही फार मोठी आणि न बोलली जाणारी अडचण आहे. तेहरानच्या संशोधकांनी अशा ३८ बायकांवर आणि वेगळ्या चाचणीत ३६ पुरुषांवर रोज ३० मिलिग्रॅम केशराचा चार आठवडे प्रयोग केला आणि काही बाबतींत सुधारणा दिसली. लहानच चाचण्या, पण प्रश्न नेमका होता: कुणाला, कशामुळे, कशासाठी. पहिल्या रात्रीच्या केशरी दुधाच्या पेल्याला हा आधार द्यायला कुणी धावू नये. त्या पेल्यात केशर असतं चार काड्या, आणि समोरच्या मुलीला भीती असते डोंगराएवढी.

शतावरीचं नाव ‘स्त्रीशक्ती’ म्हणून घेतात. तिचा थोडाफार पुरावा आहे तो बाळंतिणीच्या दुधाबाबत. कोलकात्याच्या ६० मातांवरच्या एका चाचणीत दूध वाढवणारं प्रोलॅक्टिन वाढलं. कामेच्छेबद्दल म्हणावं असं काही नाही. पाळी जाताना येणाऱ्या गरम वाफांवर अमेरिकेतलं ब्लॅक कोहोश प्रसिद्ध. १६ चाचण्या आणि दोन हजारांवर बायका धुंडाळूनही २०१२ सालच्या कोक्रेनच्या आढाव्याला त्याच्या बाजूनं बोलता आलं नाही. त्या वयातल्या कोरडेपणावर चूर्णाची गरजच नसते. तिथे वंगण लागतं, किंवा डॉक्टरनं दिलेलं इस्ट्रोजेनचं मलम. आणि ज्या बाईचे स्नायू भीतीनं आपोआप आवळतात, संबंध होऊच शकत नाही, तिला ‘मन मोकळं कर’ म्हणत दुधातून अश्वगंधा पाजणं म्हणजे दाराला आतून कडी असताना बाहेरून रंग देणं. तिच्यासाठी हळूहळू करायचे व्यायाम आहेत, समुपदेशन आहे, आणि त्याचा गुण चांगला येतो. शिवाय अश्वगंधा निर्धोक समजून कुणालाही द्यायची गोष्ट राहिलेली नाही. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडवर परिणाम होतो, गरोदरपणी ती टाळायची. डेन्मार्कनं २०२३ साली पूरक आहारातून तिच्यावर बंदीच घातली. ते मला अतीच वाटतं, पण आपल्याकडे तिची बिस्किटं निघावीत हेही.

कायदा या सगळ्यात कुठे आहे? १९५४च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्यानं कामसुखाची क्षमता टिकवण्या-वाढवण्याचा दावा करणाऱ्या आणि पाळीच्या तक्रारी बऱ्या करण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती तेव्हाच बंद केल्या आहेत. भिंतींवरची अक्षरं त्यानंतरची आहेत. जाहिराती पुसल्या जात नाहीत कारण त्या ज्याला वाचायच्या असतात तो तक्रार करत नाही. फसला गेलेला माणूस ग्राहक मंचात जाऊन ‘या गोळीनं माझं काम झालं नाही’ असं सांगेल का? आणि याच विषयावर उघड बोलणाऱ्याचं काय झालं ते पाहा. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवलं. त्या मासिकात वाचक नाव लपवून जे प्रश्न विचारत त्यांना कर्वे सरळ उत्तरं देत, आणि त्या उत्तरांपायी त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे होते. उत्तर देणाऱ्यावर खटला, भिंत रंगवणाऱ्यावर नाही. हा हिशेब पुढे डॉ. विठ्ठल प्रभूंच्या ‘निरामय कामजीवन’सारख्या पुस्तकांनी आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रकाश कोठारी यांनी चालवलेल्या विभागानं थोडा बदलला. थोडाच.

ताठरतेच्या तक्रारीत चाळिशीनंतर पहिला संशय रक्तवाहिन्यांवर घ्यायचा असतो. लिंगातल्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, म्हणून त्या आधी तुंबतात. छातीत दुखायच्या दोन-चार वर्षं आधी शय्येवर इशारा मिळालेला असतो आणि माणूस त्याला कवचबीज खाऊ घालत असतो. मधुमेहानं वाहिन्या आणि नसा दोन्ही बिघडतात. भारतात दहा कोटींवर मधुमेही आहेत असं २०२३ साली आयसीएमआरच्या पाहणीतून पुढे आलं. तंबाखूची पुडी, रक्तदाबाच्या काही गोळ्या, घोरण्याचा आजार, दारू, हे सगळं त्यात भर घालतं. इटलीत ११० लठ्ठ पुरुषांवर दोन वर्षं केलेल्या आणि २००४ साली छापलेल्या अभ्यासात वजन उतरवणाऱ्या, रोज चालणाऱ्या गटातल्या सुमारे एकतृतीयांश पुरुषांची तक्रार गेली. कुठल्याही वनस्पतीच्या नावावर असा निकाल नाही. चालण्याला डबा नसतो ही त्याची एकच अडचण.

मागच्या पावसाळ्यात एका जुन्या पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानात हिरडा घ्यायला गेलो होतो. आत कोंदट, सुंठीचा आणि नागरमोथ्याचा वास, भिंतभर पत्र्याचे डबे. माझ्या पुढे पन्नाशीचा एक गृहस्थ होता, शर्टाच्या खिशाला पेन. तो बाजूला उभा राहिला, दोन बायका जाईपर्यंत थांबला, मग खिशातून चिठ्ठी काढून पुढे सरकवली. दुकानदारानं वाचली, काही न बोलता शिडीवर चढला. मुसळी, गोखरू, कवचबीज, अक्कलकारा. एकेक डबा खाली आला, तराजूत पडला. हे सगळं इतकं सवयीनं चाललं होतं की त्यात काही अवघड नसावं असं मलाही वाटलं. मग त्यानं बरणीकडे हात नेता नेता विचारलं, ‘साखर आहे का?’

‘आहे. सहा वर्षं झाली.’

‘मग मुसळीपाक नको,’ दुकानदार म्हणाला. ‘त्यात साखर असते. तुम्ही चूर्णच घ्या.’ आणि त्यानं पुडी बांधायला घेतली.